शेल्टरमधला मायाळू कुत्रा घरी आणताना

शेल्टरमध्ये येणाऱ्या बहुतेक माणसांना पिल्लू हवे असते. चार-पाच वर्षांचा, अंगाने भरलेला, कोणीही आत आले की शेपूट हलवत जाळीपाशी येणारा देशी कुत्रा त्यांना आवडतो, त्याच्या डोक्यावरून ते हात फिरवतात, फोटो काढतात आणि पुढच्या खोलीतल्या पिल्लांकडे वळतात. पहिल्यांदाच कुत्रा पाळू इच्छिणाऱ्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि दिवसाचा बराच वेळ कामावर जाणाऱ्या कुटुंबासाठी असा वाढलेला, माणसाळलेला कुत्राच अधिक योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा घडेल हे कोणालाच सांगता येत नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव घडून गेलेला असतो आणि तो आधी पाहून घेता येतो. त्याला माणसे ठाऊक असतात, फक्त घर ठाऊक नसते. जिना, लिफ्ट, मिक्सरचा आवाज, गुळगुळीत फरशी, बंद दारामागचा एकटेपणा हे सारे त्याला शिकावे लागते, आणि ते शिकवण्याची तयारी असेल तरच पुढची पावले टाकावीत.

इतका मायाळू कुत्रा शेल्टरमध्ये आला कसा, हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचे उत्तर निवडीच्या वेळी उपयोगी पडते. रस्त्यावरच्या कुत्र्यांना पकडून नसबंदी आणि रेबीजची लस दिल्यानंतर जिथून उचलले तिथेच परत सोडावे, असे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सांगितले आहे. ओळख म्हणून अशा कुत्र्याच्या कानाला खाच केलेली असते. त्यामुळे शेल्टरमध्ये दीर्घकाळ राहणारे कुत्रे बहुधा निराळ्या वाटेने आलेले असतात. काही अपघातात पाय गमावलेले, काही आई मेल्यामुळे कार्यकर्त्यांच्या हातावर वाढलेले, तर पुष्कळसे कोणीतरी पाळून नंतर सोडून दिलेले असतात. बदली झाली, घरात बाळ आले, सोसायटीत भांडण झाले किंवा पिल्लू वाटले होते त्याहून मोठे झाले, ही त्यामागची नेहमीची कारणे. पाळलेल्या प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कायद्यात लिहिलेला दंड १० ते ५० रुपयांचा आहे, यावरून त्याचा धाक किती ते कळावे.

आपल्याच गल्लीतला ओळखीचा कुत्रा घरात घ्यायचा असेल, तर त्यालाही मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात, प्राणिप्रेमींनी रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करावा आणि दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराने घ्यावी, असे म्हटले आहे. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे अशा कुत्र्यालाही लागू पडते.

कुत्रा पाहायला जाण्यापूर्वी

शेल्टरला जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाशी बोलणे झालेले असावे. घरातल्या एकाच व्यक्तीच्या हौसेवर आणलेला कुत्रा काही महिन्यांत परत जाण्याची शक्यता फार असते. सकाळी साडेसहाला त्याला खाली कोण नेणार, पावसात कोण नेणार, दुपारी घर किती तास रिकामे असते, मे महिन्यात गावी जाताना किंवा लग्नकार्याच्या वेळी त्याला कुठे ठेवणार, या प्रश्नांची उत्तरे व्यक्तीच्या नावानिशी ठरलेली हवीत. "बघू तेव्हाचे तेव्हा" हे उत्तर चालत नाही. घरातल्या ज्येष्ठांचा विरोध असल्यास तो ऐकून घ्यावा. नमाज, देवघर, सोवळे किंवा शाकाहार यांसंबंधीच्या त्यांच्या अडचणी खऱ्या असतात आणि कुत्र्याची जागा, भांडी व खाणे वेगळे ठेवून त्यांतल्या बऱ्याच सुटतात. (दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे आणि जेजुरीच्या खंडोबाबरोबर एक कुत्रा नित्य पाहणाऱ्या घरांतही दारातल्या कुत्र्याला हड् केले जाते, हा आपल्याकडचा जुनाच विरोधाभास आहे, पण तो मुद्दा वादात जिंकून कुत्र्याचा काही फायदा होत नाही.)

भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्यावी आणि शक्य असल्यास ती भाडेकराराच्या नूतनीकरणात नमूद करून घ्यावी. सोसायटीबाबत कायदेशीर स्थिती बरीच स्पष्ट आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पाळणाऱ्यानेही लसीकरण वेळेवर करावे, सार्वजनिक जागेत पट्टा बांधावा आणि घाण उचलावी, अशी अपेक्षा त्याच सूचनांत आहे. तरीही माझा सल्ला असा की, परिपत्रकाची प्रत खिशात ठेवावी आणि सेक्रेटरींकडे आधी चहाला जावे. कुत्रा येण्याच्या आठवडाभर आधी नसबंदीचे व रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवून, तो कोणत्या वेळी कोणत्या जिन्याने खाली जाईल हे सांगितलेल्या माणसाशी कोणी सहसा भांडत नाही. वॉचमनलाही कुत्र्याचा फोटो दाखवून ठेवावा, कारण उद्या कुत्रा निसटला तर गेटवर पहिल्यांदा तोच त्याला पाहणार आहे.

निवड

मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या संस्थेपासून ते पुण्यातील रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या अलीकडच्या काळातील संस्थांपर्यंत प्राण्यांवर उपचार करणारी अनेक ठिकाणे महाराष्ट्रात आहेत. शिवाय जिल्ह्याच्या गावांतून घरच्या घरी चार-सहा कुत्रे सांभाळून त्यांना घर शोधून देणारे कार्यकर्तेही असतात. ठिकाण कोणतेही असो, एका भेटीत निर्णय घेऊ नये. एकदा सकाळी, जेव्हा साफसफाई आणि खाण्याची गडबड असते, आणि एकदा संध्याकाळी निवांत वेळी जावे. तोच कुत्रा दोन वेळांना किती निराळा दिसतो हे पाहून आश्चर्य वाटेल.

जाळीमागच्या कुत्र्यावरून काही ठरवू नये. कार्यकर्त्याला सांगून त्याला पट्टा बांधून फाटकाबाहेर, रस्त्यावर काही अंतर चालवून आणावे. त्या वेळी पाहण्यासारख्या गोष्टी अशा. जवळ आल्यावर तो अंग सैल सोडून, कंबरेपासून डुलत, किंचित वाकडा होऊन येतो का? आपण खाली बसल्यावर पाठ किंवा कूस आपल्या पायाला टेकवून उभा राहतो का? ही खऱ्या मायेची आणि भरवशाची खूण आहे. याउलट अंग ताठ, तोंड मिटलेले, नजर रोखलेली आणि शेपटी उंच उभी राहून तिचे फक्त टोक थरथरत असेल, तर शेपूट हलते आहे म्हणून तो खुशीत आहे असे समजू नये. वारंवार जांभया देणे, ओठ चाटणे, मान फिरवून डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दाखवणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. ती दिसली म्हणून कुत्रा नाकारण्याचे कारण नाही, परंतु त्याला अधिक वेळ लागणार हे ओळखावे.

चालता चालता किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर पडू द्यावा. दचकणे स्वाभाविक आहे. दचकल्यावर किती वेळात तो पुन्हा जमीन हुंगू लागतो, ते महत्त्वाचे. काही क्षणांत सावरणारा कुत्रा शहरात रुळतो. बराच वेळ कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन फाटकाकडेच ओढत राहणारा कुत्रा वाहत्या रस्त्यावरच्या घरात सुखी होणार नाही, मग तो कितीही गोड असो. त्याला बंगल्याचे आवार किंवा शांत गावातले घर शोधावे. खाण्याची परीक्षा घेताना ताटलीत हात घालण्याचा अघोरी प्रयोग करू नये. तो खात असताना दूर उभे राहून, जवळून कोणी गेल्यास त्याचे अंग आखडते का, तो वेगाने गिळू लागतो का, एवढेच पाहावे. घरात लहान मूल असल्यास हे निरीक्षण टाळू नये. मांजर असल्यास मांजराच्या बाबतीत तो कसा वागतो हे कार्यकर्त्यांना स्पष्ट विचारावे, कारण माणसांवर जीव टाकणारा कुत्रा मांजराच्या मागे धावणार नाही याची काहीच हमी नसते.

काही कुत्रे कारण नसताना मागे पडतात. काळ्या रंगाचे, तीन पायांचे, एका डोळ्याने अंध, आठ वर्षांपुढचे. तीन पायांचा कुत्रा आश्चर्य वाटावे इतका सहज धावतो. फक्त त्याचे वजन वाढू देऊ नये आणि रोज चार मजले चढवू नयेत. शेल्टरने सांगितलेले वय हा अंदाज असतो हेही लक्षात ठेवावे. सहा-सात महिन्यांत पक्के दात पूर्ण आल्यानंतर वय ओळखण्याची खात्रीची खूण उरत नाही, आणि दातांची झीज पाहून दोन वर्षे इकडेतिकडे होणे मामुली आहे.

कागदपत्रे आणि विचारायचे प्रश्न

चांगली संस्था अर्ज भरून घेते, ओळखपत्राची प्रत मागते, घर पाहायला येते आणि दत्तकपत्रावर सही घेते. या चौकशीने काहींचा अहंकार दुखावतो. ज्या ठिकाणी काहीही न विचारता कुत्रा हाती देतात तिथूनच सावध राहावे. आपणही प्रश्न विचारावेत: तो येथे कसा आला, याआधी कोणी नेऊन परत आणला होता का आणि कशामुळे, कोणाला चावला आहे का, नसबंदी कधी झाली, रक्ततपासणी केली आहे का. नसबंदी झालेली नसेल, तर जननेंद्रियांवरची टीव्हीटी नावाची गाठ आहे का, याची पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. रस्त्यावरच्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी ही गाठ आपल्याकडे बरीच आढळते आणि आठवड्याला एक याप्रमाणे दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी ती बहुतेकदा पूर्ण बरी होते, त्यामुळे ती आहे म्हणून कुत्रा टाकून देण्याची आवश्यकता नाही.

लसीकरणाची पुस्तिका हाती घेतल्याशिवाय निघू नये. तीत रेबीजच्या लसीची तारीख, तसेच डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस व लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजारांविरुद्धच्या एकत्रित लसीची तारीख आणि बाटलीवरचे चिकटवलेले लेबल असावे. लेबल नसलेली, फक्त शाईने भरलेली नोंद असेल तर आपल्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. घरी आल्यावर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयातून कुत्र्याचा परवाना काढावा. पुढेमागे परदेशी जाण्याचा विचार असलेल्यांनी कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप आधी बसवून मगच रेबीजची लस द्यावी. ब्रिटन किंवा युरोपात न्यायचे झाल्यास चिप, लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्तचाचणी आणि पुढे तीन महिन्यांची प्रतीक्षा, असा क्रम पाळावा लागतो. चिपच्या आधीची लस तिथे धरत नाहीत.

घरी आणण्याचा दिवस

आणण्यासाठी गणपती, दिवाळी किंवा घरातले कार्य यांच्या जवळचा दिवस निवडू नये. घरातली निदान एक व्यक्ती पुढचे तीन-चार दिवस पूर्ण वेळ घरी राहील असा दिवस पाहावा. गळ्याचा पट्टा आणि छातीचा हार्नेस असे दोन्ही घालून, दोन दोऱ्या बांधूनच त्याला शेल्टरबाहेर काढावे, कारण घाबरलेला कुत्रा मागे सरकून गळपट्ट्यातून डोके सहज काढतो. गळपट्ट्याखाली दोन बोटे जातील इतकीच जागा असावी आणि त्यावर फोन नंबर कोरलेली चकती त्याच दिवशी लावावी. नव्या ठिकाणाहून पहिल्या आठवड्यात निसटलेला कुत्रा शोधणे फार कठीण असते, कारण त्याला परत यायला घराचा वास आणि रस्ता अजून पाठ झालेला नसतो. प्रवासात खिडक्या बंद ठेवाव्यात, निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला देऊ नये आणि रिक्षाने नेत असल्यास त्याला दोघांच्या मध्ये, खाली बसवावे.

घरापाशी पोहोचल्यावर थेट वर नेऊ नये. आधी आवाराच्या एका कोपऱ्यात लघवी होईपर्यंत फिरवावे. वर आल्यावर पट्टा न सोडता एकेक खोली दाखवावी आणि शेवटी त्याच्या जागेपाशी आणून थांबावे. ही जागा दाराच्या वाटेवर नसावी, दोन बाजूंना भिंत असलेला कोपरा उत्तम; जुनी चादर किंवा गोधडी, पाण्याचे जड भांडे, बस्स. शेल्टरमधल्या त्याच्या पोत्याचा किंवा कपड्याचा तुकडा मागून आणला तर फार उपयोग होतो. त्या दिवशी पाहुणे, शेजारची मुले, ओवाळणे, फोटो हे सारे टाळावे. गृहप्रवेशाचा सोहळा कुत्र्यासाठी नसतो, माणसांसाठी असतो.

पहिले तीन महिने

शेल्टर चालवणारे नेहमी सांगतात, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस कुत्रा भेदरलेला किंवा विलक्षण शांत असतो. काही जण खातही नाहीत, नुसते झोपतात. शेल्टरमध्ये अंगावर उड्या मारणारा तो हाच का, असा प्रश्न पडतो. या काळात त्याला हाका मारून, कुरवाळून जागे करू नये. त्याच्याजवळ जमिनीवर बसून आपण वाचत राहावे आणि तो आपणहून आला तर छातीला किंवा मानेच्या बाजूला हात लावावा; डोक्यावरून एकदम हात आणू नये. तीन आठवड्यांच्या सुमारास दिनक्रम कळू लागतो आणि त्याचबरोबर खरा स्वभावही बाहेर येतो: कोणी बेल वाजवली की भुंकणे, चपला चावणे, कचऱ्याचा डबा उपसणे. अनेक कुत्रे याच टप्प्यावर परत केले जातात, तेही "आधी असा नव्हता" या तक्रारीसह. वास्तविक तो आता कुठे निर्धास्त झालेला असतो.

लिफ्टचा प्रसंग जरा तपशिलाने सांगतो, कारण शहरात नव्या कुत्र्याची पहिली खरी कसोटी तिथेच लागते. दार सरकते, समोर आरसा, पायाखाली पोकळ वाजणारा पत्रा, आणि उंबऱ्याच्या फटीतून खालून येणारा तेलकट वारा त्याच्या नाकाला लागतो. कुत्रा चारही पाय रोवून बसतो. अशा वेळी ओढून आत घेतल्यास ती भीती महिनोन्महिने टिकते. आधी एक-दोन दिवस जिन्याने न्यावे. मग निवांत वेळी दुसऱ्या कोणाला दार धरून ठेवायला सांगून, उंबऱ्यापाशी उकडलेल्या चिकनचा तुकडा, मग आतल्या बाजूला तुकडा, आत जाऊन लगेच बाहेर, असे करावे. दोन-तीन वेळा सहज आत आला की एकच मजला न्यावे. लिफ्टमध्ये दोरी नेहमी हातात गुंडाळून आखूड ठेवावी आणि कुत्रा पूर्ण आत आल्याखेरीज बटण दाबू नये. कुत्रा बाहेर आणि माणूस आत असताना दार बंद झाल्यास गळ्याला फास बसून जीव जाऊ शकतो.

शौचाची सवय मोठ्या कुत्र्याला लवकर लागते. उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर, दुपारच्या झोपेनंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी, शिवाय पहिले काही दिवस दर तीन-चार तासांनी, एकाच जागी न्यावे आणि काम झाले की तिथेच खाऊ द्यावा. घरात झालेल्या लघवीत नाक घासणे, ओरडणे किंवा मारणे यांतून तो एवढेच शिकतो की माणसासमोर लघवी करू नये, आणि मग तो सोफ्यामागे जाऊन करतो. जागा व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने पुसावी. फिनाईल वापरू नये.

एकटे राहणेही शिकवावे लागते. पहिल्या दिवसापासूनच दोन मिनिटे, पाच मिनिटे, पंधरा मिनिटे असे दाराबाहेर जाऊन यावे आणि जाताना-येताना निरोपाचा किंवा भेटीचा गाजावाजा करू नये. चार दिवस रजा घेऊन अष्टौप्रहर त्याच्याजवळ बसणे आणि पाचव्या दिवशी नऊ तास घर बंद करून जाणे, ही सर्वांत वाईट पद्धत आहे. साखळीने बांधून ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हाही वर उल्लेखलेल्या कायद्याखाली गुन्हाच आहे.

खाली फिरवताना गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न येतो. त्यांच्या दृष्टीने आपला कुत्रा उपरा असतो. त्यांना रोज खाऊ घालणारी व्यक्ती प्रत्येक भागात असते. तिला गाठून, तिच्या उपस्थितीत पाच-सहा दिवस दुरून ओळख करून दिली तर निम्मे भांडण मिटते. घोळका अंगावर आलाच तर पळू नये, आपण मध्ये उभे राहून, पाठ न दाखवता, हळूहळू मागे यावे. पहिले तीन महिने मोकळ्या जागेत पट्टा अजिबात सोडू नये.

खाणे

शेल्टरमधले खाणे आठवडाभर तसेच ठेवून मग सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलावे, नाहीतर जुलाब ठरलेले. नसबंदी झालेल्या २० किलोच्या मध्यम चपळ कुत्र्याला दिवसाला साधारण १,००० किलोकॅलरी लागतात, त्या दोन वेळांत विभागून द्याव्यात. घरचे चिकन-भात, त्यात लाल भोपळा, गाजर, अंडे हे चांगले, मात्र निव्वळ चिकन-भातात कॅल्शियम कमी पडते. ते कसे भरून काढायचे हे पशुवैद्याला विचारावे. शाकाहारी घरांनी आपल्या मर्यादा आधीच मान्य कराव्यात: दूध-पोळीवर मोठा कुत्रा नीट जगत नाही, आणि अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. चांगल्या प्रतीचे तयार कोरडे खाद्य हा अशा घरांसाठी प्रामाणिक मार्ग आहे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, बेदाणे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे कधीही देऊ नयेत. पंगतीत उरलेली खीर-शिरा बेदाण्यांसह कुत्र्यापुढे टाकण्याची आपली सवय यात बसत नाही. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी तापासाठी देणे तर घातकच.

प्रकृती

आणल्यापासून दोन-तीन दिवसांत पशुवैद्याकडे नेऊन रक्ततपासणी करावी. घरात आधीचा कुत्रा असल्यास दोन आठवडे दोघांना वेगळे ठेवावे. आपल्या हवेत सर्वांत जास्त त्रास गोचिडींचा, विशेषतः पावसाळ्यात. रोज संध्याकाळी फिरून आल्यावर उजेडात बसून बोटांच्या बेचक्यांत, कानाच्या पाळीच्या आतल्या घडीत, गळपट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी हाताने चाचपावे. केसांखाली तुरीच्या डाळीएवढा करडा, गुळगुळीत फुगा लागला तर तो चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. चिरडू नये, रॉकेल लावू नये. गोचीडतापात कुत्रा खाणे सोडतो, सुस्त होतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे अंग गरम लागते एवढ्यावरून ताप ठरवू नये. रक्तातल्या प्लेटलेट मोजून घ्याव्यात. औषध सहसा चार आठवड्यांचे असते आणि आठव्या दिवशी कुत्रा टुणटुणीत झाला तरी ते पुरे करावे. साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो माणसांनाही होतो, तेव्हा लेप्टोची आणि रेबीजची लस दरवर्षी चुकवू नये. जंताचे औषध दर तीन महिन्यांनी.

कितीही मायाळू कुत्रा असला तरी लहान मुलाबरोबर त्याला एकटे सोडू नये, आणि त्याच्या खाण्याच्या व झोपण्याच्या वेळी मुलाने जवळ जाऊ नये, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेत भरू नये.

सण

ढोल-ताशा, डीजे आणि फटाके यांनी आधीच्या आयुष्यात काय घडले होते हे कुत्रा सांगू शकत नाही, म्हणून पहिल्या दिवाळीत तो घाबरणार असेच धरून चालावे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी फिरवून आणावे, खिडक्या-पडदे बंद करून पंखा आणि टीव्ही चालू ठेवावा, मुख्य दार उघडताना कुत्रा आतल्या खोलीत बंद असावा. तो कपाटाखाली शिरला तर ओढून काढू नये. थरथर थांबत नसेल तर औषधाबाबत पशुवैद्याला आठवडाभर आधी विचारावे, ऐन रात्री नव्हे. रंगपंचमीला तर त्याला बाहेरच नेऊ नये. अंगावरचा रंग तो चाटणारच.

जमले नाही तर

सर्व काही करूनही काही वेळा जमत नाही. मुलाचा दमा बळावतो, आधीचा कुत्रा नव्याला स्वीकारत नाही, घरातले कोणी आजारी पडते. बहुतेक दत्तकपत्रांत कुत्रा परस्पर दुसऱ्या कोणाला देऊ नये, संस्थेकडेच परत करावा, अशी अट असते आणि ती पाळावी. शेवटच्या दिवशी नेऊन टाकण्यापेक्षा अडचण सुरू होताच फोन करावा. पुष्कळदा प्रशिक्षक किंवा तात्पुरते सांभाळणारे घर मिळते. परत करावाच लागला तर एका कागदावर लिहून द्यावे: तो काय खातो, कोणत्या हाकेला येतो, लिफ्टमध्ये जातो का, किती तास एकटा राहतो, कशाला घाबरतो, मुलांशी आणि मांजरांशी कसा वागतो, कोणती औषधे चालू आहेत आणि पुढची लस कधी आहे. पुढच्या कुटुंबाला त्याची निवड करताना शेल्टरच्या कोणत्याही माहितीपेक्षा हा कागद अधिक उपयोगी पडतो, कारण तो घरात कसा राहतो हे आता प्रथमच कोणीतरी पाहिलेले असते.